डीबीएस करायचंय? डायरीपासून बॅटरीपर्यंत

पार्किन्सन्सच्या, म्हणजे कंपवाताच्या, घरात ‘डीबीएस’ (मेंदूत विजेची तार बसवण्याची शस्त्रक्रिया) हा शब्द सहसा गोळीचं गणित बिघडल्यावर येतो. सुरुवातीची काही वर्षं लिव्होडोपाची, म्हणजे मेंदूत कमी पडणाऱ्या डोपामाइनची भरपाई करणारी, गोळी इमानेइतबारे काम करते. मग कधीतरी लक्षात येतं, की सकाळी आठची गोळी पूर्वी दुपारपर्यंत पुरायची, आता साडेदहालाच हात जड पडतो. डॉक्टर गोळ्या जवळजवळ आणतात, डोस वाढवतात. मग गोळी चढली की अंग आपोआप वळवळायला लागतं आणि उतरली की माणूस खुर्चीला खिळतो. आमच्या बाबांचं हे आजाराच्या नवव्या वर्षी सुरू झालं आणि अकराव्या वर्षी शस्त्रक्रिया झाली. मधल्या दोन वर्षांत जे शिकले, आणि जे आधीच कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते क्रमानं लिहिते आहे. निर्णय तुमचे डॉक्टर आणि तुम्ही मिळून घ्याल. त्यांच्यासमोर बसताना तयारीनं बसता यावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

१. यंत्र काय करतं आणि काय नाही

डीबीएस म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन, मेंदूच्या आत खोलवर विजेची बारीक बारीक स्पंदनं सोडणं. सामान तीनच प्रकारचं. मेंदूत उतरवलेली लीड, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीची तार, जिच्या टोकाशी धातूचे छोटे संपर्कबिंदू असतात. कानामागून मानेवरून कातडीखालून खाली येणारी जोडतार. आणि गळ्याच्या हाडाखाली, छातीवर कातडीआड बसवलेलं पेसमेकरसारखं यंत्र, ज्यात बॅटरी असते. दोन्ही बाजूंची लक्षणं असतील तर लीड दोन. मेंदूची डावी बाजू उजवा हात-पाय सांभाळते, म्हणून उजवीकडच्या कंपासाठी तार डावीकडे जाते.

हे सुचलं कसं, तेही मजेशीर आहे. कंप थांबवण्यासाठी पूर्वी मेंदूतला एक छोटा ठिपका कायमचा जाळून टाकत. जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना, हे बघायला तिथे वीज सोडून पाहायची पद्धत होती. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे न्यूरोसर्जन अलीम-लुई बेनाबिद यांच्या लक्षात आलं, की विजेची वारंवारता शंभर हर्ट्झच्या आसपास नेली की जाळण्याआधीच कंप थांबतो आणि वीज बंद केली की परत येतो. मग जाळायचं कशाला, वीजच चालू ठेवू! अमेरिकेत या उपचाराला कंपासाठी १९९७ मध्ये आणि पार्किन्सन्ससाठी २००२ मध्ये मान्यता मिळाली. म्हणजे ऐकायला नवं वाटलं तरी प्रकार आता बराच जुना आणि तावूनसुलाखून निघालेला आहे.

आता या लेखातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य. डीबीएस माणसाला त्याच्या गोळीच्या सर्वांत चांगल्या तासाइतकं चांगलं करतं. त्याहून चांगलं सहसा करत नाही. फायदा असा, की तो चांगला तास मग दिवसभर पसरतो. गोळीनं जे सुधारत नाही, ते तारेनंही सुधारत नाही. याला एकच मोठा अपवाद आहे तो कंपाचा. गोळीला दाद न देणारा कंपसुद्धा डीबीएसनं पुष्कळदा आटोक्यात येतो.

यातून यादी आपोआप निघते. कंप, ताठरपणा, हालचालींचा मंदपणा, गोळीचे चढउतार, डिस्कायनेशिया म्हणजे ती वळवळ, हे सगळं सुधारण्याची चांगली शक्यता. गोळी चढलेली असतानाही जाणारा तोल, बोबडं किंवा पुटपुटतं बोलणं, विसराळूपणा, बद्धकोष्ठ, उभं राहताना रक्तदाब घसरणं, यांत फरक पडेल अशी आशा ठेवू नका. बोलणं तर कधी कधी थोडं बिघडतं. आणि आजार थांबत नाही, तो आतून आपल्या गतीनं पुढे जातच राहतो. हे घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः लांबून फोनवर सल्ले देणाऱ्या नातेवाइकांना, शस्त्रक्रियेच्या आधीच सांगून ठेवा.

२. डायरी लिहा

डॉक्टरांना भेटायच्या आधी किमान दोन आठवडे तरी हे काम करा. कंटाळवाणं आहे, पण सगळा डोलारा त्यावर उभा राहतो.

आमची पहिली भेट वाया गेली. का, ते सांगते. बाहेर जायचं म्हणून बाबांनी गोळी घड्याळ बघून घेतली, आणि डॉक्टरांच्या समोर गेले तेव्हा अगदी टकाटक होते. ताडताड चालून दाखवलं, बोटं पटापट आपटून दाखवली. मी म्हणत होते, ‘अहो, घरी असं नसतं’, आणि बाबा हसून म्हणत होते, ‘तशी काही तक्रार नाही.’ डॉक्टरांनी एक गोळी वाढवून दिली आणि आम्ही परत आलो. तासाभरानं तेच बाबा दाराच्या उंबरठ्यावर पाय चिकटून उभे होते.

म्हणून कागद आखा. अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने. प्रत्येक रकान्यात चारांपैकी एक अक्षर: झोप, ‘ऑफ’ (गोळी उतरलेली, अंग जड), ‘ऑन’ (छान चाललंय), आणि ‘ऑन, पण त्रासदायक वळवळ’. गोळी घेतली त्या वेळेवर टिंब. भरायचं ते त्याच वेळी. रात्री बसून आठवून भरलेली डायरी बिनकामाची असते. वळवळ आणि कंप यांत नवख्या माणसाचा घोळ होतो. कंप तालात असतो, आणि हात स्वस्थ ठेवला की जास्त दिसतो. वळवळ नाचल्यासारखी, बेताल, गोळी भरात असताना येते. शंका आली तर मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं चित्रण करा: एक ऑफमधलं, एक ऑनमधलं. खुर्चीतून उठणं, दहा पावलं चालणं, वळणं, परत येऊन बसणं. डॉक्टर हे चित्रण आपल्या दहा वाक्यांपेक्षा जास्त बारकाईनं बघतात, असा माझा अनुभव आहे.

डायरी भरून झाली की एक सोपा हिशेब करता येतो. तज्ज्ञ मंडळी त्याला ५-२-१ म्हणतात: दिवसातून ५ किंवा जास्त वेळा लिव्होडोपा, २ किंवा जास्त तास ऑफ, किंवा १ किंवा जास्त तास त्रासदायक वळवळ. यातलं एक जरी लागू पडलं, तरी गोळ्यांपुढच्या उपचारांबद्दल विचारायची वेळ झाली. आमच्या डायरीत ऑफचे सव्वापाच तास निघाले. बाबांना स्वतःलाच ते पटेना. त्यांनी बेरीज दोनदा केली.

३. ‘अजून थांबू’ आणि ‘आता उशीर झाला’ यांच्या मध्ये

लोक डीबीएस शेवटचा उपाय समजतात. हा समज महागात पडतो. अगदी शेवटी, म्हणजे तोल गेला, स्मृती ढासळली, गोळीचा असरच कमी झाला, की वर सांगितलेला नियम उलटा फिरतो: चांगला तासच उरलेला नसेल तर पसरवायचं काय? जर्मनी आणि फ्रान्समधल्या २५१ रुग्णांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गोळीचे चढउतार नुकतेच सुरू झालेल्या, साठीपर्यंतच्या लोकांना घेतलं होतं. दोन वर्षांनंतर डीबीएस केलेल्यांच्या जीवनमानाचे गुण सरासरी २६ टक्क्यांनी सुधारले होते. फक्त औषधांवर असलेल्यांचे होते तिथेच राहिले.

उलट बाजूही आहे. निदान झाल्या झाल्या कुणी ही शस्त्रक्रिया करत नाही. पहिल्या काही वर्षांत आजार खरोखर पार्किन्सन्सच आहे का, याची खात्री पटायला वेळ लागतो. त्याच्यासारखे दिसणारे दुसरे आजार असतात, मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी, प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी वगैरे, आणि त्यांत डीबीएसचा उपयोग होत नाही. म्हणून साधारण चार-पाच वर्षं तरी जाऊ देतात. वयाची काटेकोर रेघ नाही. सत्तर-पंचाहत्तरच्या पुढे जास्त जपून ठरवतात, इतकंच.

निवडीच्या तपासण्यांत एक सर्वांवर भारी: लिव्होडोपा चाचणी. आदल्या रात्रीपासून, साधारण बारा तास, पार्किन्सन्सच्या गोळ्या बंद. सकाळी पूर्ण ऑफ अवस्थेत हालचाली मोजतात: बोटं आपटणं, मूठ उघडणं-मिटणं, टाच आपटणं, उठणं, चालणं, आणि मागून खांदे ओढून तोल बघणं. मग नेहमीपेक्षा थोडा मोठा डोस देतात आणि तो चढल्यावर तेच सगळं पुन्हा. गुणांमध्ये निदान ३० टक्के सुधारणा दिसली, तर माणूस डीबीएससाठी चांगला उमेदवार. ती सकाळ कठीण जाते. बाबांना कॉटवरून उठवायला दोघं लागले, आणि औषधानंतर पाऊण तासानं ते स्वतः उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्या दिवशी घरून निघताना चाकाची खुर्ची, सैल कपडे आणि सोबत दोन माणसं एवढं ठेवाच. परस्पर घरी गोळ्या बंद करून हा प्रयोग कधीही करू नका. त्यातून गंभीर आजारपण ओढवू शकतं.

याखेरीज मेंदूचा एमआरआय, रक्ताच्या तपासण्या, आणि न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे, म्हणजे स्मृती आणि विचारशक्ती तपासणाऱ्या मानसतज्ज्ञाकडे, दोन-तीन तासांची बैठक. घड्याळ काढा, आकडे उलटे म्हणा, एका मिनिटात एकाच अक्षरानं सुरू होणारे जमतील तेवढे शब्द सांगा. बाबा चिडले, ‘मी काय शाळेत आहे?’ पण ही तपासणी टाळू नका. स्मृतिभ्रंश सुरू झालेला असेल तर शस्त्रक्रियेनंतर गोंधळ वाढू शकतो. उपचार न झालेलं नैराश्य असेल तर आधी त्याचं बघावं लागतं. आणि एक अवघड विषय: डोपामाइन अ‍ॅगोनिस्ट प्रकारच्या, म्हणजे मेंदूत डोपामाइनसारखं काम करणाऱ्या, गोळ्यांनी काहींना जुगार, बेसुमार खरेदी, अशा गोष्टींचा नाद लागतो. घरात असं काही असेल तर लाज न बाळगता सांगा. डॉक्टरांनी ते शेकडो वेळा ऐकलेलं असतं.

४. विचारायचे प्रश्न

तार नेमकी कुठे ठेवणार, हे विचारा. पार्किन्सन्ससाठी मुख्य ठिकाणं दोन. सबथॅलॅमिक न्यूक्लियस, म्हणजे एसटीएन: भिंगाच्या आकाराचं, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचं केंद्र. इथे तार ठेवली तर गोळ्या बऱ्याच कमी करता येतात. दुसरं ग्लोबस पॅलिडसचा आतला भाग, जीपीआय: इथून वळवळ थेट दबते, पण गोळ्या फारशा कमी होत नाहीत. हालचालींतली सुधारणा दोन्हींत साधारण सारखीच. स्मृती किंवा मनःस्थिती नाजूक असेल तर काही तज्ज्ञ जीपीआयकडे झुकतात. तुमच्या माणसासाठी कुठलं आणि का, हे त्यांनी दोन वाक्यांत सांगता यायला हवं.

धोक्यांबद्दल आडून विचारू नका, सरळ विचारा. मेंदूत त्रासदायक रक्तस्राव होण्याची शक्यता साधारण शेकडा एक-दोन. त्यातून पक्षाघात किंवा क्वचित मृत्यू होऊ शकतो. जंतुसंसर्गाची शक्यता त्याहून जास्त, आणि तो यंत्रापर्यंत गेला तर काही वेळा सगळं सामान काढावं लागतं. तार सरकणं, तुटणं हेही घडतं. ‘तुमच्या इथे वर्षाला किती करता, आणि नंतरचं प्रोग्रामिंग कोण करणार?’ हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. शस्त्रक्रिया एक दिवसाची असते, प्रोग्रामिंग, म्हणजे यंत्रातली वीज माणसाला जुळवून देणं, आयुष्यभराचं. सर्जन कितीही कुशल असला, तरी नंतर यंत्र लावून देणारं माणूस हाताशी नसेल तर अर्धं काम अडकतं. आम्ही दोन ठिकाणी चौकशी केली. एका ठिकाणी या प्रश्नावर ‘ते बघू नंतर’ असं उत्तर आलं. आम्ही दुसरीकडे गेलो.

बॅटरी कुठली घ्यायची हाही प्रश्न आताच. चार्ज न होणारी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते, मग छोटी शस्त्रक्रिया करून यंत्र बदलतात. चार्ज होणारी पंधरा वर्षं किंवा जास्त चालू शकते, पण ठरावीक दिवसांनी छातीवर चार्जर लावून बसावं लागतं. ते रुग्णाला किंवा घरच्यांना झेपणार आहे का? एकटं राहणाऱ्या, विसरणाऱ्या माणसाला चार्ज न होणारीच बरी, असं माझं मत.

५. शस्त्रक्रियेचा दिवस

रक्त पातळ करणारी औषधं किती दिवस आधी थांबवायची, हे लेखी घ्या. अ‍ॅस्पिरिनसुद्धा सांगायला विसरू नका. आदल्या रात्रीपासून पार्किन्सन्सच्या गोळ्या बहुतेक ठिकाणी बंद असतात, म्हणजे सकाळी माणूस ऑफ असणार. केस काही ठिकाणी पूर्ण काढतात, काही ठिकाणी पट्टीपुरते.

सकाळी डोक्याला एक धातूची चौकट बसवतात. चार ठिकाणी भुलीचं इंजेक्शन, मग चार स्क्रू. घरच्यांना ते बघवत नाही. रुग्ण मात्र म्हणतात, की इंजेक्शन चावतं, नंतर नुसता दाब वाटतो. चौकटीसकट सीटी स्कॅन होतो आणि तो आधीच्या एमआरआयवर संगणकात बसवतात. त्यावरून मिलिमीटरच्या हिशेबात वाट ठरते, रक्तवाहिन्या चुकवून. कवटीला नाण्याएवढं भोक पाडतात. त्या वेळचा आवाज आणि कंपनं जाणवतात, दुखत नाही. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, म्हणून तर माणूस जागा ठेवता येतो.

जागं का ठेवायचं? बाबांनी नंतर सांगितलेलं असं: एका स्पीकरमधून पत्र्यावर पाऊस पडावा तसा तडतड आवाज येत होता. अगदी बारीक इलेक्ट्रोड पुढे सरकवत पेशींचा आवाज ऐकतात. मधला भाग शांत असतो आणि एसटीएनमध्ये शिरलं की एकदम दाट सर लागते. मग न्यूरोलॉजिस्टनी त्यांचं मनगट हातात घेऊन गोल फिरवायला सुरुवात केली. एरवी ते दातेरी चाकासारखं अडखळत फिरायचं. ‘आता सोडतो हं,’ ते म्हणाले, आणि मनगट तेल घातल्यासारखं सुटलं. बाबांना आधी वाटलं, डॉक्टरांनी हात सोडून दिला. मग वीज थोडी थोडी वाढवत विचारणं: तोंड एका बाजूला ओढतंय का? बोटांत मुंग्या? एकाचे दोन दिसतायत? महिन्यांची नावं म्हणा बघू. हे त्रास लवकर, कमी विजेवरच आले, तर तार शेजारच्या भागाच्या फार जवळ आहे असं समजायचं आणि जागा बदलायची.

सगळ्यांना हे जागेपणी झेपत नाही. हल्ली अनेक ठिकाणी पूर्ण भूल देऊन, शस्त्रक्रिया चालू असतानाच स्कॅनवर तपासत लीड ठेवतात, आणि त्याचेही निकाल चांगले आहेत. घाबरट माणसाला ‘जागं राहावंच लागेल’ म्हणून पळवून लावू नका. छातीतलं यंत्र मात्र पूर्ण भुलीखालीच बसवतात, त्याच दिवशी किंवा काही दिवसांनी.

६. पहिले आठवडे

यंत्र अजून सुरूही केलेलं नसतं आणि माणूस बराच सुधारलेला दिसतो. तार आत जाताना त्या जागी थोडी सूज येते, तिचा हा परिणाम. काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतो. आमच्याकडे दहाव्या दिवशी कंप परत आला आणि आईनं ‘फुकट गेलं सगळं’ म्हणून डोळ्याला पदर लावला. आधी माहीत असतं तर एवढा धसका घेतला नसता.

टाके कोरडे ठेवा, छातीवरच्या जखमेला लाली, गरमपणा, स्राव दिसला की त्याच दिवशी फोन करा. कानामागच्या तारेशी बोटानं चाळा करायची सवय लागते, ती मोडा.

७. प्रोग्रामिंग: खरी लढाई इथे

साधारण दोन ते चार आठवड्यांनी यंत्र पहिल्यांदा सुरू करतात. पुन्हा ऑफ अवस्थेत यायला सांगतात. डॉक्टरांच्या हातात टॅब्लेटसारखं उपकरण असतं. त्यावरून कुठला संपर्कबिंदू, किती मिलिअँपिअर, स्पंदन किती रुंद, सेकंदाला किती वेळा, हे ठरतं. सुरुवात बहुधा १३० हर्ट्झ आणि ६० मायक्रोसेकंदांनी करतात, आणि प्रवाह हळूहळू चढवत नेतात.

खोलीत काय घडतं ते सांगते. बाबा कागदावर गोगलगायीच्या पाठीसारखं वर्तुळ काढतायत, रेघ करवतीसारखी. प्रवाह एक पायरी वर, रेघ जरा सरळ. अजून एक पायरी, आणखी सरळ. पुढच्या पायरीला रेघ सुरेख, पण बाबा म्हणाले, ‘जीभ जड वाटतेय.’ लगेच एक पायरी खाली. पहिली बैठक अडीच तास चालली आणि शेवटी आम्ही सगळेच गळून गेलो.

ताठरपणा आणि कंप यांवर परिणाम सेकंदा-मिनिटांत दिसतो. मंदपणाला तास लागतात, चालण्यातला फरक कळायला कधी कधी काही दिवस. त्यामुळे खोलीत उत्तम वाटलेली मांडणी घरी तिसऱ्या दिवशी चुकीची निघू शकते. नीट बसायला तीन ते सहा महिने धरून चला. या काळात डायरी पुन्हा बाहेर काढा. ‘बरं नाही वाटत’ असं सांगू नका. ‘मंगळवारपासून उजवा पाय वळताना अडकतो, गोळीनंतर तासभर तोंडाशी वळवळ येते’ असं सांगा. पहिल्या प्रकारच्या तक्रारीवर डॉक्टर काहीच करू शकत नाहीत, दुसऱ्या प्रकारच्या तक्रारीवर पाच मिनिटांत करतात.

काही नवी यंत्रं मेंदूतल्या लहरी स्वतः मोजतात आणि प्रवाह आपोआप कमी-जास्त करतात. अमेरिकेत अशा पद्धतीला २०२५ मध्ये मान्यता मिळाली. तुमच्या यंत्रात ती सोय आहे का, विचारून ठेवा.

८. गोळ्या कमी करताना मनाकडे बघा

एसटीएननंतर गोळ्या साधारण तिसऱ्या हिश्शानं ते निम्म्यानं कमी होतात. उत्साहाच्या भरात त्या स्वतःहून सोडू नका. फार भराभर कमी केल्या तर माणूस मलूल पडतो: अंग चालतं, पण कशातच रस नाही, फोन घेत नाही, वर्तमानपत्र उघडत नाही. घरचे म्हणतात, ‘आता तर हात थरथरत नाही, मग तोंड का पाडून बसलात?’ हा आळस नसतो, औषध कमी झाल्याचा परिणाम असू शकतो आणि डोस थोडा परत वाढवून सुधारतो. याच्या उलट अवाजवी आनंद, अखंड बडबड, रात्र रात्र न झोपणं, पैसे उधळणं दिसलं तर तेही कळवा. बहुधा विजेची मांडणी बदलावी लागते. पहिल्या वर्षात नैराश्य खोल जाऊन आत्महत्येचे विचार येण्याचा धोका नोंदवलेला आहे. तसं एक वाक्यही कानावर पडलं तर पुढच्या भेटीची वाट बघू नका.

वजन वाढतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. वळवळीत खर्च होणारी शक्ती वाचते म्हणून असेल, पण बाबांचे शर्ट सहा महिन्यांत आवळायला लागले.

मराठी मदतगटांत रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर शुभंकराची भूमिका एकाएकी बदलते. वर्षानुवर्षं ज्याची बटणं लावून दिली, तो म्हणतो, ‘राहू दे, मी लावतो.’ आईला ते दिवस सोपे गेले नाहीत. हे प्रकरण कुठल्याच माहितीपत्रकात नसतं.

९. रोजचं जगणं

डायथर्मी कधीही नाही. फिजिओथेरपीत किंवा दातांच्या दवाखान्यात खोलवर शेक देणारी यंत्रं वापरतात. त्यांतली ऊर्जा तारेतून मेंदूत शिरून जीवघेणी इजा करू शकते. यंत्र बंद असलं तरी धोका तोच. नव्या दवाखान्यात शिरताना पहिलं वाक्य हेच बोला.

एमआरआय पुष्कळ नव्या यंत्रांसोबत चालतो, पण ठरावीक अटींवर, आणि यंत्र त्यासाठी खास अवस्थेत टाकून. परस्पर करून घेऊ नका. दुसरी कुठली शस्त्रक्रिया ठरली तर सर्जनना आणि भूलतज्ज्ञांना आधी कळवा, कारण रक्तवाहिन्या जाळून बंद करण्याच्या विद्युत उपकरणाबद्दल खबरदारी लागते. विमानतळावर यंत्राचं कार्ड दाखवून हातानं तपासणी मागा. घरातले मोबाइल, मायक्रोवेव्ह यांची भीती नको.

पोहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २०१९ मध्ये झुरिकच्या डॉक्टरांनी नऊ रुग्णांची हकीकत मांडली. चांगले पट्टीचे पोहणारे होते, डीबीएसनंतर बाकी हालचाली सुधारल्या, पण पाण्यात हात-पाय एकत्र चालवणंच जमेना. तेव्हा पहिल्यांदा पाण्यात उतराल ते कमरेइतक्या, आणि शेजारी कुणी असतानाच.

शेवटी बॅटरी. एका रात्री दोनच्या सुमारास बाबांना कुशीवर वळता येईना, दोन्ही हात थरथरायला लागले, गिळणंसुद्धा जड झालं. आम्ही रुग्णवाहिकेला फोन लावत होतो, तेवढ्यात आईनं रुग्णाजवळ द्यायचा तो रिमोट शोधून छातीवर धरला. पडद्यावर ‘बंद’. कसं बंद झालं, देव जाणे. बटण दाबलं, आणि पहिल्या मिनिटातच उजवा हात शांत झाला. तेव्हापासून रिमोट उशाशी असतो आणि दर रविवारी सकाळी बॅटरी बघायची. ती संपत आल्याची खूण दिसली की लगेच वेळ घ्यायची. बरीच वर्षं चाललेलं यंत्र अचानक थांबलं तर अंग पूर्ण ताठून जाऊ शकतं आणि नुसत्या गोळ्या वाढवून ते भरून निघत नाही. तेव्हा सरळ रुग्णालय गाठायचं. बाबांच्या पाकिटात एक चिठ्ठी असते: यंत्राचं नाव, बसवल्याची तारीख, सध्याची मांडणी, गोळ्यांच्या वेळा, प्रोग्रामिंग करणाऱ्या डॉक्टरांचा नंबर, आणि वर लाल शाईनं ‘डायथर्मी नको’. ती त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली आहे.